पोलिसांकडून होणारा वाहनांचा पाठलाग

पोलिसांकडून होणारा वाहनांचा पाठलाग म्हणजे, थांबण्याचा इशारा मिळूनही न थांबता पळून जाणारे वाहन अडवण्यासाठी किंवा त्यातील संशयितास पकडण्यासाठी पोलिसांनी आपल्या वाहनातून त्याच्या मागे जाण्याची कारवाई होय. गुन्हेगारास पकडणे हे पोलिसांचे कर्तव्य असले, तरी सार्वजनिक रस्त्यावर भरधाव वेगाने केलेल्या पाठलागात पळणारी व्यक्ती, पोलीस कर्मचारी आणि त्या घटनेशी काहीही संबंध नसलेले वाटसरू अशा तिघांच्याही जिवाला धोका निर्माण होतो. त्यामुळे पाठलागाचा अधिकार, त्याच्या मर्यादा आणि त्यातून होणाऱ्या हानीची जबाबदारी हे फौजदारी कायदा, मोटार वाहन कायदा आणि नुकसानभरपाईचा कायदा या तिन्हींशी निगडित असलेले प्रश्न ठरतात.

भारतात संशयिताचा पाठलाग करण्याचा अधिकार कायद्याने स्पष्टपणे दिलेला आहे. मात्र पाठलाग कोणत्या गुन्ह्यासाठी करावा, किती वेगाने करावा आणि केव्हा थांबवावा हे ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या, अनेक महामार्ग, नद्यांच्या पात्रातील अवैध वाळूउपसा आणि सात जिल्ह्यांच्या सीमा असलेल्या भागात या उणिवेचे परिणाम विशेष ठळकपणे समोर येतात.

स्वरूप

पाठलाग साधारणपणे तीन प्रकारांनी सुरू होतो. पहिल्या प्रकारात नाकाबंदी किंवा वाहनतपासणीच्या वेळी चालक इशारा डावलून निघून जातो. दुसऱ्या प्रकारात पोलिसांना एखाद्या वाहनाविषयी आधीच माहिती मिळालेली असते. उदाहरणार्थ, दरोडा, अपहरण, वाहनचोरी, अमली पदार्थ किंवा अवैध मद्य यांची वाहतूक. तिसऱ्या प्रकारात रात्रगस्तीवरील पथकास एखादे वाहन संशयास्पद वाटते आणि पोलीस जवळ येताच ते वेग वाढवते.

पळून जाणारा चालक गंभीर गुन्ह्यातीलच असतो असे नाही. वाहन परवाना जवळ नसणे, हेल्मेट न घालणे, मद्यप्राशन, विम्याची मुदत संपलेली असणे किंवा अल्पवयीन असूनही वाहन चालवणे अशा कारणांनीही चालक घाबरून पळतात. थांबवणाऱ्या पोलिसास त्या क्षणी यांतील कारण ठाऊक नसते. पाठलागासंबंधीच्या धोरणातील मूळ अडचण हीच आहे : धोका पत्करण्याचा निर्णय आधी घ्यावा लागतो आणि तो योग्य होता की नाही हे नंतर कळते.

भारतातील कायदेशीर चौकट

पाठलागाचा अधिकार

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४८ नुसार, ज्या व्यक्तीस वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यास आहे, तिला अटक करण्यासाठी तो भारतातील कोणत्याही ठिकाणी तिचा पाठलाग करू शकत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये हीच तरतूद कलम ४५ म्हणून कायम ठेवण्यात आली आहे. त्यामुळे पोलीस ठाणे, जिल्हा किंवा राज्य यांची हद्द पाठलागाच्या आड येत नाही. हद्दीबाहेर अटक झाल्यास आरोपीला प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन मात्र कायम राहते. हे बंधन संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येही आहे.

हा अधिकार वॉरंटाशिवाय अटक करण्याच्या अधिकाराशी बांधलेला आहे, ही बाब महत्त्वाची आहे. वाहतुकीचे बहुतेक किरकोळ भंग केवळ दंडास पात्र असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०२ नुसार धोकादायक रीतीने वाहन चालवणे (कलम १८४), मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवणे (कलम १८५) आणि परवानगीशिवाय दुसऱ्याचे वाहन नेणे (कलम १९७) हे गुन्हे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यासमोर घडल्यास तो वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. म्हणजे हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार मुळात अटकेस पात्र नसतो. परंतु पाठलाग सुरू झाल्यावर तो भरधाव किंवा विरुद्ध दिशेने जाऊ लागला, तर कलम १८४ खाली तो अटकेस पात्र ठरू शकतो. पाठलागामुळेच पाठलागाचे कायदेशीर कारण निर्माण होण्याची ही शक्यता टीकेचा विषय ठरते.

थांबण्याचे कर्तव्य

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने परवाना दाखवणे बंधनकारक आहे. कलम १३२ मध्ये अपघाताशी संबंधित वाहन थांबवून ठेवण्याचे कर्तव्य सांगितले आहे. कायदेशीर आदेश न पाळल्यास कलम १७९ खाली दंड होतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची रक्कम ५०० रुपयांवरून २,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६८ नुसार पोलिसांनी कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळणे सर्वांवर बंधनकारक आहे.

पळताना पोलिसाच्या अंगावर वाहन घातल्यास प्रकरणाचे स्वरूप बदलते. अशा वेळी भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १३२ (लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर) आणि परिस्थितीनुसार कलम १०९ (खुनाचा प्रयत्न) लावले जाते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची अनुक्रमे कलमे ३५३ व ३०७ लागू होतात.

वाहतूक नियमांतील सवलत

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मध्ये अग्निशमन वाहने आणि रुग्णवाहिका यांच्याबरोबर पोलीस वाहनांनाही आपत्कालीन वाहनांचा दर्जा आहे. तातडीच्या कामावर असताना अशा वाहनांच्या चालकांना सिग्नल व वेगमर्यादा यांसारख्या नियमांतून सवलत मिळते; परंतु इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेण्याची जबाबदारी त्यांच्यावरच राहते. त्याआधीच्या १९८९ च्या विनियमांत वाट मोकळी करून देण्याचे कर्तव्य केवळ अग्निशमन वाहने आणि रुग्णवाहिका यांच्यापुरते होते. २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १९४-ई नुसार आपत्कालीन वाहनास वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ही सवलत म्हणजे निष्काळजीपणाची मुभा नव्हे. पोलीस चालकाच्या निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाल्यास त्याच्यावरही भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. या कलमात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १५९ सद्भावनेने केलेल्या कृत्यांना संरक्षण देते. मात्र एखादे कृत्य सद्भावनेने आणि कर्तव्याच्या ओघात घडले की नाही, हे न्यायालय वस्तुस्थिती पाहून ठरवते.

बळाचा आणि शस्त्राचा वापर

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटकेस बळाने विरोध करणाऱ्या किंवा अटक टाळणाऱ्या व्यक्तीस पकडण्यासाठी पोलीस आवश्यक ती सर्व साधने वापरू शकतात. त्याच कलमात याची मर्यादाही आहे : मृत्युदंड किंवा आजन्म कारावासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. पळणाऱ्या वाहनाला धडक देणे, रस्त्यावर खिळ्यांची पट्टी टाकणे किंवा चाकावर गोळी झाडणे ही कृत्ये भरधाव वेगात सहज प्राणघातक ठरू शकतात. त्यामुळे त्यांची वैधता या मर्यादेच्या कसोटीवर तपासली जाते.

काही विशेष कायद्यांत मात्र वाहनावर गोळीबार करण्याची स्पष्ट तरतूद आहे. अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या अधिनियमाचे (एनडीपीएस) कलम ४९ आणि सीमाशुल्क अधिनियम, १९६२ चे कलम १०६ यांनुसार प्राधिकृत अधिकारी संशयित वाहन थांबवण्यासाठी सर्व कायदेशीर साधने वापरू शकतो आणि ती निष्फळ ठरल्यास वाहनावर गोळी झाडता येते. चोरी, अवैध वाळू किंवा वाहतूक नियमभंग यांसाठी अशी तरतूद नाही.

चुकीच्या ओळखीवर आधारलेल्या पाठलागाचा परिणाम दिल्लीतील कॅनॉट प्लेस गोळीबार प्रकरणात दिसून आला. ३१ मार्च १९९७ रोजी दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेच्या पथकाने एका फरारी गुंडाच्या शोधात असताना निळ्या रंगाच्या मारुती एस्टीम मोटारीचा माग काढला आणि बाराखंबा रस्त्यावर तिच्यावर गोळीबार केला. त्यात दोन निरपराध व्यावसायिक मृत्युमुखी पडले व तिसरी व्यक्ती जखमी झाली. स्वसंरक्षणार्थ गोळीबार केल्याचा पोलिसांचा बचाव न्यायालयाने फेटाळला. सहायक पोलीस आयुक्तासह दहा पोलिसांना झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०११ रोजी कायम केली.

किरकोळ नियमभंग आणि पाठलाग

मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वाराचा एका वाहतूक पोलीस निरीक्षकाने पाठलाग केला. निरीक्षकाने दुचाकीला लाथ मारल्याचा आरोप झाला आणि दुचाकीवर मागे बसलेल्या महिलेचा मृत्यू झाला. या घटनेनंतर मोठे जनआंदोलन झाले व संबंधित निरीक्षकास अटक करण्यात आली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशा कारवाईविषयी महत्त्वाचे मत नोंदवले. हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारास पाठलाग करून किंवा रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून पकडण्याऐवजी कॅमेऱ्यासारख्या साधनांनी नियमभंगाची नोंद घ्यावी, असे न्यायालयाने म्हटले. नियमभंग किती गंभीर आहे आणि त्यासाठी किती धोका पत्करावा, यांतील प्रमाणाचा विचार यामागे आहे. हा निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी मार्गदर्शक म्हणून त्याचा आधार घेता येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

भूगोल आणि रस्ते

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने (सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर) महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. जिल्ह्यात १४ तालुके असून त्याच्या सीमा नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे आणि ठाणे या सात जिल्ह्यांना भिडतात. जिल्हा पोलीस दल नाशिक परिक्षेत्रात मोडते. गंभीर गुन्ह्यांतील फरारी आरोपींचा माग काढण्याचे काम बहुधा स्थानिक गुन्हे शाखेकडे असते.

नगर–मनमाड, नगर–पुणे, नगर–छत्रपती संभाजीनगर, नगर–कल्याण आणि संगमनेरमार्गे जाणारा पुणे–नाशिक हे जिल्ह्यातील वर्दळीचे मार्ग आहेत. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. समृद्धी महामार्गावर प्रवेश आणि निर्गमाची ठिकाणे ठरावीक असल्याने पळणाऱ्या वाहनाला पुढील निर्गमद्वारावर अडवणे शक्य असते. परंतु तेथील १२० किलोमीटर प्रतितास ही वेगमर्यादाच इतकी मोठी आहे की धडकेचा परिणाम सहसा प्राणघातक ठरतो.

नगर–मनमाड मार्गाची स्थिती याउलट आहे. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी आणि कोपरगाव ही गावे या एकाच मार्गावर आहेत. शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्या, आठवडे बाजाराची गर्दी आणि गळीत हंगामात ऊस वाहून नेणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांमुळे हा रस्ता रात्रीही मोकळा नसतो. मागील बाजूस दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेली उसाची ट्रॉली भरधाव वाहनाच्या चालकाला अगदी जवळ आल्यावरच दिसते. चंदनापुरी, करंजी आणि इमामपूर या घाटांत वळणे व उतार यांमुळे धोका आणखी वाढतो.

वाळूवाहतूक

गोदावरी, प्रवरा, मुळा, भीमा, घोड आणि सीना या नद्यांच्या पात्रांतील अवैध वाळूउपसा हा जिल्ह्यातील दीर्घकाळचा प्रश्न आहे. डंपर, लहान वाहने आणि ट्रॅक्टर यांतून, बहुतेक वेळा रात्री, ही वाळू वाहून नेली जाते. गोदावरी काही अंतरापर्यंत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याशी, तर घोड आणि भीमा पुणे जिल्ह्याशी सीमा आखतात. त्यामुळे एका तीरावर सुरू झालेला पाठलाग थोड्याच वेळात दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ मुळे पोलिसांचा अधिकार तेथे संपत नाही. परंतु बिनतारी संदेश, नियंत्रण कक्ष आणि मदतीसाठी येणारे पथक यांचा समन्वय साधणे अवघड होते.

अशा कारवाईत पोलिसांबरोबर महसूल विभागही असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ च्या पोटकलम (७) व (८) नुसार अवैध गौण खनिजाबद्दल दंड आकारण्याचा आणि वाहन जप्त करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना आहे. खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम २१ मध्येही जप्तीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिल्ली राज्य विरुद्ध संजय या प्रकरणात, नदीपात्रातून विनापरवाना वाळू नेणे हा खनिज कायद्याखालील गुन्ह्याबरोबरच चोरीचा गुन्हाही ठरतो, असा निर्णय दिला. त्यामुळे पोलिसांना स्वतंत्रपणे गुन्हा नोंदवून कारवाई करता येते. तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांना मात्र वेगवान वाहन चालवण्याचे प्रशिक्षण, शस्त्र किंवा बिनतारी संपर्कयंत्रणा नसते. जप्तीचा अधिकार असला, तरी तो बजावण्यासाठी वाहनामागे धावण्याची साधने त्यांच्याकडे नसतात.

या कामातील जोखीम देशभर दिसून आली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ इंधन भेसळीचा प्रकार उघडकीस आणणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. ८ मार्च २०१२ रोजी मध्य प्रदेशातील मुरैना येथे अवैध खनिजाचा ट्रॅक्टर अडवताना भारतीय पोलीस सेवेतील एका अधिकाऱ्याचा, तर १९ जुलै २०२२ रोजी हरियाणातील नूंह जिल्ह्यात डंपर थांबवताना एका पोलीस उपअधीक्षकाचा वाहनाखाली चिरडून मृत्यू झाला. वाहनासमोर उभे राहून ते थांबवण्याची पद्धत पाठलागाइतकीच धोकादायक आहे, हे या घटनांतून स्पष्ट होते.

पाठलागाची वेळच कमी यावी यासाठी वाळूपुरवठ्याच्या धोरणात बदल करण्याचाही प्रयत्न झाला. २०२३ च्या राज्य वाळू धोरणानुसार शासकीय डेपोतून ६०० रुपये प्रतिब्रास दराने वाळू देण्याचे ठरले. राज्यातील पहिल्या डेपोचे उद्घाटन १ मे २०२३ रोजी श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे झाले. पुढे या धोरणात बदल करण्यात आले.

खासगी व्यक्तींकडून होणारा पाठलाग

चोरटे, जनावरांची वाहतूक करणारी वाहने किंवा अपघात करून पळालेला चालक यांचा पाठलाग कधी कधी ग्रामस्थ किंवा संघटनांचे कार्यकर्ते करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्या व्यक्तीस किंवा उद्घोषित गुन्हेगारास खासगी व्यक्ती अटक करू शकते. मात्र तिला विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. केवळ संशयावरून वाहन अडवण्याचा, त्याची झडती घेण्याचा किंवा चालकास मारहाण करण्याचा अधिकार या तरतुदीने मिळत नाही. खासगी वाहनास आपत्कालीन वाहनाची सवलतही नसते. तहसीन पूनावाला विरुद्ध भारत संघ (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झुंडीकडून होणारी हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. जेथे असा जमाव जमण्याची शक्यता असेल, अशा महामार्गांवर गस्त घालण्याचाही त्यांत समावेश होता.

उत्तरदायित्व आणि नुकसानभरपाई

शासनाची जबाबदारी

पोलीस वाहनामुळे त्रयस्थ व्यक्तीस इजा झाल्यास शासन जबाबदार असते का, या प्रश्नाचे उत्तर दोन जुन्या निर्णयांमधून शोधले जाते. राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती (१९६२) या प्रकरणात उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या वापरातील जीप दुरुस्तीनंतर परत आणताना चालकाच्या निष्काळजीपणामुळे एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने शासनास भरपाईसाठी जबाबदार धरले. कस्तुरीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९६५) या प्रकरणात पोलिसांनी जप्त केलेले सोने एका हवालदाराने पळवले होते. तेथे मात्र अटक आणि जप्ती ही सार्वभौम कार्ये असल्याचे सांगून न्यायालयाने शासनाची जबाबदारी नाकारली.

पाठलाग हे अटकेसाठीचेच कार्य असल्याने कस्तुरीलाल निर्णयाचा आधार घेतला जाण्याची शक्यता असते. तथापि पुढील काळात सार्वभौम कार्याच्या बचावाची व्याप्ती न्यायालयांनी आकुंचित केली. नागेंद्र राव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य (१९९४) या प्रकरणात या सिद्धान्तावर टीका झाली. नीलाबती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य (१९९३) या प्रकरणात मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल संविधानाखाली थेट भरपाई देताना हा बचाव लागू होत नाही, असे ठरले. मोटार अपघातांच्या दाव्यांतही शासकीय वाहनांबाबत हा बचाव सामान्यतः स्वीकारला जात नाही.

त्रयस्थ व्यक्तीचे उपाय

अपघातग्रस्त व्यक्ती किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ खाली अर्ज करू शकतात. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये भरपाई मिळू शकते. धडक देऊन पळालेल्या वाहनाची ओळख पटली नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात.

प्रत्यक्षात अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. अवैध वाहतुकीतील अनेक वाहनांना क्रमांकपट्टी किंवा विमा नसतो. अशा वाहनाने वाटसरूस धडक दिल्यास भरपाईचा निवाडा मालकावर होतो आणि वसुली कठीण जाते. धडक पळणाऱ्या वाहनाची असली, तरी पाठलाग अनावश्यकपणे ताणला गेल्याने ती घडली का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. पाठलाग कोणत्या कारणाने आणि कोणाच्या आदेशाने सुरू होता याची नोंद नसेल, तर दावेदाराला पोलिसांचा निष्काळजीपणा सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

चौकशी

पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाल्यास पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातील निर्देश लागू होतात. मुंबईतील पोलीस चकमकींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी हे १६ निर्देश दिले. प्रथम खबर नोंदवणे, गुन्हे अन्वेषण विभागाकडून किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडून स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारीय चौकशी यांचा त्यांत समावेश आहे.

पाठलागादरम्यान वाहन उलटून संशयिताचा मृत्यू झाल्यास मात्र स्थिती संदिग्ध राहते. ही व्यक्ती पोलिसांच्या ताब्यात नसते. त्यामुळे कोठडीतील मृत्यूसाठी असलेली न्यायिक चौकशी आपोआप होत नाही. तिच्यावर गोळीही झाडलेली नसते. त्यामुळे २०१४ चे निर्देशही थेट लागू होत नाहीत. अशा मृत्यूची नोंद सहसा रस्ता अपघात किंवा अकस्मात मृत्यू अशी होते आणि तपास त्याच पोलीस ठाण्याकडे राहू शकतो. प्रकाश सिंह विरुद्ध भारत संघ (२००६) या निर्णयानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. गंभीर गैरवर्तनाची तक्रार तेथे करता येते.

आकडेवारीतही हीच उणीव आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. या अहवालात अतिवेग, विरुद्ध दिशेने वाहन चालवणे, मद्यप्राशन, सिग्नल तोडणे आणि मोबाइलचा वापर अशी वर्गवारी आहे. परंतु पोलीस पाठलाग असा वेगळा वर्ग नाही. परिणामी पाठलागात झालेला मृत्यू अतिवेगाच्या आकड्यात मिसळून जातो.

पर्याय

पाठलागाऐवजी वाहनाच्या पुढील मार्गावर नाकाबंदी करणे हा महाराष्ट्र पोलिसांचा जुना आणि परिणामकारक उपाय आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री दहशतवाद्यांनी पळवलेल्या स्कोडा मोटारीची माहिती बिनतारी यंत्रणेवरून देण्यात आली आणि गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत ती अडवली गेली. तेथे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन एका हल्लेखोरास जिवंत पकडण्यात निर्णायक भूमिका बजावली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्राने गौरवण्यात आले. नाकाबंदीही धोक्यावाचून नसते हे या घटनेत दिसते; तथापि मोटार शहरभर पिटाळली गेली नाही आणि इतर वाहनांना त्यातून धोका पोहोचला नाही.

वाहनक्रमांक ओळखणारे कॅमेरे, फास्टॅगच्या नोंदी, वाहन नोंदणीची संगणकीय माहिती आणि ई-चलान यांमुळे चालकास त्याच क्षणी न पकडताही नंतर त्याच्या घरी पोहोचता येते. गौण खनिजाच्या वाहतुकीसाठी राज्यात ‘महाखनिज’ ही संगणकीय प्रणाली वापरली जाते. मात्र क्रमांकपट्टी नसलेला ट्रॅक्टर पाणंद रस्त्याने जात असेल, तर तेथे कॅमेरा किंवा पथकर नाका नसतो. अशा ठिकाणी नदीपात्रात उतरणारे रस्ते चर खोदून बंद करणे आणि वाहनाऐवजी वाळूच्या साठ्यावर व खरेदीदारावर कारवाई करणे हे उपाय अधिक सुरक्षित ठरतात.

इतर देशांतील धोरणे

ब्रिटनमध्ये पाठलाग करणाऱ्या चालकास विशेष प्रशिक्षण आवश्यक असते आणि नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्यास पाठलाग थांबवण्याचा अधिकार असतो. २०२२ च्या कायद्याने पोलीस चालकाच्या वाहनचालनाची तुलना सर्वसामान्य चालकाशी न करता तसेच प्रशिक्षण घेतलेल्या कुशल पोलीस चालकाशी करण्याची कसोटी आणली.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी विरुद्ध गार्नर (१९८५) या प्रकरणात, केवळ पळून जात आहे म्हणून धोकादायक नसलेल्या संशयितावर प्राणघातक बळ वापरता येत नाही, असे ठरवले. स्कॉट विरुद्ध हॅरिस (२००७) या प्रकरणात मात्र इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या चालकाच्या मोटारीला पोलिसांनी दिलेली धडक वैध मानली गेली. तेथील अनेक शहरांनी हिंसक गुन्ह्यांपुरताच पाठलाग मर्यादित ठेवला आहे. न्यूझीलंडने २०२० मध्ये पाठलागावर कडक निर्बंध आणले आणि २०२३ मध्ये ते काही प्रमाणात शिथिल केले. निर्बंधांमुळे जीव वाचतात, परंतु चालकांचे न थांबण्याचे धाडस वाढते, असा वाद तेथे झाला.

धोरणविषयक मुद्दे

वेगवेगळ्या देशांतील धोरणांत पाठलाग सुरू करताना व चालू ठेवताना पुढील बाबींचा विचार करणे अपेक्षित असते :

• मूळ गुन्ह्याचे गांभीर्य आणि संशयित मोकळा राहिल्यास निर्माण होणारा तातडीचा धोका
• चालकाची किंवा वाहनाची ओळख आधीच पटली आहे का
• रस्ता, वेळ, हवामान आणि गर्दी
• पळणारे वाहन दुचाकी आहे का. त्यात लहान मुले किंवा ओलीस व्यक्ती आहेत का
• पोलीस चालकाचे प्रशिक्षण आणि नियंत्रण कक्षाशी संपर्क
• पाठलाग थांबवण्याचा आदेश कोण देणार आणि त्याची नोंद कोठे होणार

भारतीय कायद्यात पहिल्या मुद्द्याचा आधार अटकेसंबंधीच्या निर्णयांमध्ये सापडतो. अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य (२०१४) या प्रकरणात, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता तपासल्याशिवाय अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जेथे नोटीस बजावून आरोपीला बोलावणे पुरेसे आहे, तेथे त्याला पकडण्यासाठी वर्दळीच्या रस्त्यावर प्राणघातक धोका पत्करणे या तत्त्वाशी विसंगत ठरते. उर्वरित मुद्द्यांबाबत कायदा मौन आहे. कोणाचा आणि कोठपर्यंत पाठलाग करता येतो हे कायदा सांगतो. तो केव्हा सोडून द्यावा हा निर्णय मात्र रात्रगस्तीच्या वाहनातील चालक आणि त्याच्या शेजारी बसलेला अंमलदार यांच्यावर येऊन पडतो. लेखी निकष असल्यास वाटसरूंचे संरक्षण होते. तसेच पाठलाग थांबवणाऱ्या पोलिसावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका येण्याची भीतीही त्यामुळे कमी होते.

हेही पहा

• नाकाबंदी
• भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• महाराष्ट्र पोलीस
• अहिल्यानगर जिल्हा